स्थानिक संस्थांना केंद्रीय अनुदान आणि प्रादेशिक विषमता : निकषांची एक चिकित्सा

राज्यघटनेतील ७३ वी व ७४ वी दुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि केंद्राच्या तिजोरीतून ग्रामपंचायती व नगरपालिका यांच्याकडे जाणाऱ्या पैशाला प्रथमच घटनेचे अधिष्ठान लाभले. त्यापूर्वी असा पैसा येत नव्हता असे नव्हे. परंतु तो योजनांच्या द्वारे, कलेक्टर कचेरीच्या वाटेने व खात्यांच्या मर्जीने येत असे. अनुच्छेद २८० मध्ये जी नवी उपकलमे घातली गेली त्यांनी केंद्रीय वित्त आयोगावर असे कर्तव्य सोपविले की, राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींच्या आधारे, राज्यातील पंचायती व नगरपालिका यांच्या साधनसंपत्तीस पूरक ठरावी म्हणून राज्याच्या एकत्रित निधीत भर घालण्याचे उपाय सुचवावेत. या लांबलचक वाक्यातील 'पूरक' हा शब्द अभ्यासकाने थांबून वाचण्याजोगा आहे. एक ग्रामपंचायत माणशी हजार रुपये कर गोळा करते व दुसरी माणशी पन्नास. दोघींना सारखीच रक्कम दिली तर ती दोघींनाही सारख्याच अर्थाने पूरक होते काय? घटना याविषयी मौन पाळते. उत्तर दिले ते एकामागून एक आलेल्या वित्त आयोगांनी, आणि तेही विवेचनातून दिले त्याहून अधिक निकषांच्या कोष्टकांतून दिले. प्रस्तुत लेखात दहाव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या आयोगांच्या या उत्तरांचा विचार करावयाचा आहे. सोळाव्या आयोगाचा कालखंड १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने त्याची चिकित्सा स्वतंत्रपणेच व्हावयास हवी.

दहाव्या आयोगापुढे (१९९५–२०००) काम करण्यास आधारच नव्हता. राज्य वित्त आयोगांचे अहवाल आलेले नव्हते. म्हणून त्याने १९७१ च्या जनगणनेतील ग्रामीण लोकसंख्येस माणशी शंभर रुपये असा सरळ हिशेब मांडून पंचायतींसाठी ४,३८०.९३ कोटी रुपये ठरविले. नगरपालिकांसाठीचे १,००० कोटी मात्र राज्याराज्यांतील झोपडपट्टीवासीयांच्या प्रमाणावर वाटावयाचे असे म्हटले. या दुसऱ्या निकषाकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. तो ओबडधोबड होता हे खरे. पण नुसती डोकी न मोजता गरज मोजण्याचा तो पहिला प्रयत्न होता.

अकराव्या आयोगाने (२०००–२००५) एकूण १०,००० कोटी रुपयांच्या वाटपासाठी जे कोष्टक केले त्यात लोकसंख्येला ४० टक्के, विकेंद्रीकरणाच्या निर्देशांकाला २० टक्के, सर्वाधिक दरडोई उत्पन्नापासूनच्या अंतराला २० टक्के आणि महसुली प्रयत्न व क्षेत्रफळ यांना प्रत्येकी १० टक्के भार होता. यांतील 'अंतर' हा निकष समजून घेतल्यावाचून पुढील चर्चा निरर्थक ठरेल. सर्वांत श्रीमंत राज्याचे दरडोई उत्पन्न आणि दिलेल्या राज्याचे दरडोई उत्पन्न यांतील फरक घ्यावयाचा व त्याला त्या राज्याच्या लोकसंख्येने गुणावयाचे. राज्य जितके गरीब तितका त्याचा माणशी वाटा अधिक. बाराव्या आयोगाने (२००५–२०१०) रक्कम २५,००० कोटींवर नेली, अंतराचे २० टक्के कायम ठेवले आणि वंचिततेच्या निर्देशांकाला आणखी १० टक्के दिले. तेराव्या आयोगाने (२०१०–२०१५) अंतराला पंचायतींच्या बाबतीत १० व नगरपालिकांच्या बाबतीत २० टक्के भार ठेवला आणि पंचायतींच्या वाटपात अनुसूचित जाती-जमातींच्या प्रमाणाला १० टक्के दिले. त्याच आयोगाने ठरावीक रकमेऐवजी केंद्रीय करांच्या विभाज्य निधीशी निगडित असे अनुदान सुचविले, ही त्याची मोठी कामगिरी.

यानंतर चौदाव्या आयोगाने (२०१५–२०२०) पाटी पुसली. रक्कम एकदम २,८७,४३६ कोटींवर गेली. निकष मात्र दोनच उरले. २०११ ची लोकसंख्या ९० टक्के आणि क्षेत्रफळ १० टक्के. अंतर गेले, वंचितता गेली, जाती-जमातींचे प्रमाण गेले. पंधराव्या आयोगाने (२०२१–२०२६) हीच वाटणी पुढे चालविली. ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी व शहरी संस्थांना १,२१,०५५ कोटी एवढ्या प्रचंड रकमा ज्या कोष्टकावरून राज्याराज्यांत वाटल्या गेल्या त्यात 'गरीब' या शब्दाला कोठेही स्थान नव्हते. रक्कम लहान होती तेव्हा समतेचा विचार होता, आणि रक्कम मोठी झाली तेव्हा तो सुटला, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

येथे एक प्रांजळ कबुली दिली पाहिजे. माणशी समान रक्कम देणे हेही समतेच्या दृष्टीने निष्फळ नसते. चौदाव्या आयोगाचे अनुदान देशाच्या पातळीवर माणशी वर्षाला सुमारे ४८८ रुपये पडत होते. अशी कल्पना करू की, चाकण किंवा रांजणगाव यांसारख्या औद्योगिक परिसरातील एका ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न माणशी १,५०० रुपये आहे आणि मेळघाटातील एका ग्रामपंचायतीचे ५० रुपये. अनुदानापूर्वी हे प्रमाण तीसास एक असे आहे. दोघींच्या पदरात ४८८ रुपये पडल्यावर ते १,९८८ ला ५३८, म्हणजे चारास एक याहूनही थोडे कमी होते. लोकसंख्येच्या निकषाचे समर्थक नेमके याच गणितावर बोट ठेवतात, आणि ते गणित चुकीचे नाही.

परंतु ते अपुरे आहे. दोघींमधील १,४५० रुपयांचे अंतर एका पैशानेही कमी झालेले नाही. आणि रुपयाची किंमत दोन्ही ठिकाणी सारखी नाही, ही गोष्ट तर या गणितात येतच नाही. मेळघाटातील ग्रामपंचायत म्हणजे बहुधा डोंगरउतारांवर विखुरलेली चार-पाच गावे व पाडे. तेथे दोनशे माणसांना पाणी पोहोचविण्यासाठी जेवढी नळवाहिनी टाकावी लागते तेवढ्यात सपाटीवरील दोन हजारांची सोय होते. क्षेत्रफळाला दिलेला दहा टक्के भार या खर्चाची दखल घेण्यासाठी आहे असे म्हणता येईल. पण तो राज्यांच्या पातळीवर लागू होतो, आणि राजस्थानाचे विस्तीर्ण क्षेत्रफळ धारणी तालुक्यातील पाड्यांच्या कामी येत नाही.

समानीकरण म्हणजे काय, याविषयी लोकवित्ताच्या शास्त्रात पुरेशी स्पष्टता फार पूर्वीच आलेली होती. ब्रिटनमध्ये १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने जे समानीकरण अनुदान सुरू केले त्याचे तत्त्व साधे होते : ज्या स्थानिक संस्थेचे माणशी करपात्र मूल्य राष्ट्रीय सरासरीहून कमी असेल, तिच्या हद्दीत सरकारने जणू स्वतःच करदाता व्हावे व उणे असलेल्या मूल्यावरील कर भरावा. त्या पद्धतीतही दोष निघाले व ती पुढे बदलली. पण मोजावयाचे ते उत्पन्न नव्हे, लोकसंख्याही नव्हे, तर कर देण्याची स्थानिक कुवत, हा तिचा गाभा होता. आपल्याकडील 'अंतर' हा निकष त्यामानाने कच्चाच, कारण तो राज्याचे सरासरी उत्पन्न मोजत होता आणि महाराष्ट्रासारख्या राज्याची सरासरी ही मुंबई-पुण्याची सावली असते. तेव्हा तो निकष सुधारण्यास भरपूर वाव होता. सुधारण्याऐवजी तो टाकून देण्यात आला, एवढीच तक्रार.

वित्त आयोगांच्या अनुदानाखेरीज केंद्राची दुसरीही एक वाट होती आणि तिचा विचार या चर्चेत सहसा केला जात नाही. २००३–०४ मध्ये राष्ट्रीय सम विकास योजना सुरू झाली. तिच्यात निवडलेल्या प्रत्येक मागास जिल्ह्याला वर्षाला १५ कोटी याप्रमाणे तीन वर्षांत ४५ कोटी रुपये मिळावयाचे होते. पण ती जिल्हा प्रशासनाच्या हातची योजना होती. फेब्रुवारी २००७ मध्ये तिची जागा मागास क्षेत्र अनुदान निधीने घेतली. पंचायती व नगरपालिका यांनी स्वतः आराखडे करावेत, जिल्हा नियोजन समितीने ते एकत्र गुंफावेत, आणि अन्य योजनांतून जी दरी बुजत नाही ती या अबंध निधीतून बुजवावी, अशी त्यामागील कल्पना. प्रत्येक जिल्ह्यास किमान १० कोटी आणि उरलेली रक्कम निम्मी लोकसंख्येवर व निम्मी क्षेत्रफळावर. आरंभी देशातील २५० जिल्हे त्यात होते, महाराष्ट्रातील बारा. प्रादेशिक असमतोल कमी करणे हाच उघड हेतू धरून स्थानिक संस्थांच्या हाती अबंध पैसा ठेवणारी एवढ्या विस्ताराची केंद्रीय योजना हीच.

तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. जिल्हा नियोजन समित्या नावापुरत्या असल्याने आराखडे रखडत, आराखडे रखडल्याने हप्ते रखडत. त्याहून गंभीर दोष निवडीत होता. मागासपणाचे एकक जिल्हा धरले गेले आणि निवडीचा पाया शेतमजुरीचा दर, दर शेती-कामगारामागील उत्पादन व अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण यांवर रचलेल्या जुन्या क्रमवारीवर राहिला. परिणामी सहकारी साखर कारखान्यांचा तत्कालीन अहमदनगर जिल्हा यादीत आला, औद्योगिक वसाहतींचा तत्कालीन औरंगाबाद जिल्हा आला. आणि जव्हार-मोखाडा मात्र बाहेर राहिले, कारण ते तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते व ठाणे-कल्याणच्या कारखान्यांनी त्यांची गरिबी सरासरीत बुडवून टाकली होती. पालघर जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये वेगळा झाला. सरासरीखाली बुडालेले तालुके वर काढण्याची ही संधी होती. पण तोपर्यंत निधीचेच आयुष्य संपत आले होते.

२०१५–१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्या योजनांचा केंद्रीय आधार काढून घेण्यात आला त्यांत मागास क्षेत्र अनुदान निधीचा समावेश होता. कारण उघड होते. चौदाव्या आयोगाने विभाज्य करांतील राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेला होता. आता राज्यांनी आपल्या वाढलेल्या वाट्यातून हे काम करावे. म्हणजे एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या : स्थानिक संस्थांच्या अनुदानातील उत्पन्न-अंतराचा निकष संपला आणि मागास जिल्ह्यांतील स्थानिक संस्थांचा खास निधीही संपला. दोन निर्णय दोन वेगळ्या संस्थांचे. पण खालच्या संस्थेच्या दृष्टीने त्यांचा परिणाम एकच.

या धोरणाच्या बाजूने जो युक्तिवाद करता येतो तो हलक्या हाताने बाजूला सारण्यासारखा नाही. राज्यांना करांचा जो वाटा मिळतो त्यात उत्पन्न-अंतराला चौदाव्या आयोगाने ५० टक्के व पंधराव्याने ४५ टक्के भार दिला होता. मग समानीकरण एकदा राज्याच्या पातळीवर झाल्यावर स्थानिक अनुदानात ते पुन्हा कशाला? नागरिकाला मिळावयाच्या किमान सेवा सर्वत्र सारख्या, म्हणून स्थानिक अनुदान माणशी सारखे, हे विधान ऐकावयास सुसंगत वाटते. तथापि त्यात एक गृहीत दडलेले आहे. राज्याच्या तिजोरीत आलेली समता आपोआप खाली झिरपते, असे ते गृहीत. वस्तुतः राज्याच्या तिजोरीतून खाली येण्याचा मार्ग राज्य वित्त आयोगाच्या दारातून जातो आणि ते दार कित्येक राज्यांत वर्षानुवर्षे बंद असते. मार्च २०२४ नंतर, राज्य वित्त आयोग नेमून त्याच्या शिफारशींवरील कार्यवाहीचा अहवाल विधिमंडळापुढे न ठेवणाऱ्या राज्याला स्थानिक अनुदान मिळू नये, अशी अट पंधराव्या आयोगाला घालावी लागली. घटनेने दर पाच वर्षांनी करावयास सांगितलेली गोष्ट तीस वर्षांनंतर दंडाच्या धाकाने करवून घ्यावी लागते, यावरून झिरपण्याच्या सिद्धान्ताची योग्यता काय ते ठरवावे.

महाराष्ट्राचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे, कारण विषमतेच्या मोजणीत हे राज्य एके काळी पुढे होते. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये जिल्हावार व क्षेत्रवार अनुशेष मोजला. राज्याची सरासरी हे माप धरून सिंचन, रस्ते, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादींतील तूट रुपयांत मांडली. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला व त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांहून थोडा अधिक होता. त्या पद्धतीवर आक्षेप पुष्कळ आले, काही योग्यही होते. पण तूट आधी मोजावी व मग पैसा वाटावा हा तिचा क्रम बिनतोड होता. अनुच्छेद ३७१(२) अन्वये १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीच्या न्याय्य वाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर आली. २०११ मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीने २०१३ मध्ये आपला अहवाल दिला. (स्थानिक अनुदानात उत्पन्न-अंतराचा निकष शेवटचा वापरणाऱ्या तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्षही केळकरच होते; दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचणे विद्यार्थ्यांना लाभदायक होईल.) विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. केंद्राने २०१५ मध्ये राज्याच्या खांद्यावर टाकलेले ओझे वाहण्यासाठी राज्यात जी घटनात्मक चौकट होती ती पाच वर्षांत अशी ढिली झाली. राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट व अबंध स्वरूपात देण्याचा महाराष्ट्राचा निर्णय २०१५ चाच. त्याचे क्षेत्र अनुसूचित गावांपुरते मर्यादित. मराठवाड्यातील कोरडवाहू गावांना त्याचा स्पर्श नाही.

उलट दिशेचे उदाहरण शहरांचे आहे. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये आला तेव्हा मुंबईची जकात व अन्य महापालिकांचा उरलासुरला स्थानिक संस्था कर संपुष्टात आला. राज्याने कायदा करून भरपाई देऊ केली : २०१६–१७ चे उत्पन्न हा पाया आणि दरसाल ८ टक्के वाढ. भरपाई म्हणून हे न्याय्यच होते; ज्याचे जेवढे गेले त्याला तेवढे मिळाले. परंतु या एका सूत्राने त्या एका वर्षातील महापालिकांमधील विषमता, तिच्यासह चक्रवाढीने वाढत जाणारी, राज्याच्या अर्थसंकल्पात कायमची कोरली गेली. भरपाई आणि समानीकरण ही दोन भिन्न तत्त्वे आहेत, आणि आपल्या राज्यात पहिल्यासाठी कायदा आहे, दुसऱ्यासाठी नाही.

आता अटींविषयी. चौदाव्या आयोगाने अनुदानाचा एक भाग कामगिरीशी जोडला होता. पंधराव्याने लेखापरीक्षित हिशेब संगणकावर सर्वांना खुले असणे ही सर्वांसाठी प्रवेशाची अट केली, आणि नगरपालिकांना मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीबरोबर वाढविण्यास सांगितले. ग्रामीण अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित केला. हिशेब चोख असावेत याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण एका ग्रामसेवकाकडे तीन ग्रामपंचायती, वीज अनियमित, तालुक्याचे गाव चाळीस किलोमीटर दूर, अशा ठिकाणी आणि पूर्ण वेळ लेखनिक बाळगणाऱ्या सधन ग्रामपंचायतीत ही अट एकाच वजनाची नसते. ज्याला गरज अधिक त्याच्याच हातून अट निसटते, आणि निसटलेला हप्ता कोष्टकात 'अखर्चित' म्हणून दिसतो, वंचित म्हणून नव्हे. याहूनही विचित्र प्रकार निवडणुकांचा. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरील न्यायालयीन वादामुळे महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व महापालिका २०२२ पासून प्रशासकांच्या हाती गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. अनुदान निर्वाचित संस्थेलाच द्यावयाचे हा नियम तत्त्वतः योग्य. परंतु निवडणूक लांबविणे गावकऱ्यांच्या हाती नव्हते, आणि स्वतःचे उत्पन्न असलेली संस्था जे सोसू शकते ते नसलेली सोसू शकत नाही.

मागास क्षेत्र अनुदान निधीच्या जागी जे आले ते पाहिले म्हणजे विचारातील बदल स्पष्ट होतो. जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व तत्कालीन उस्मानाबाद हे चार जिल्हे त्यात आले. चालू योजनांची सांगड घालणे व जिल्ह्यांची क्रमवारी लावणे हे त्याचे साधन. स्वतंत्र निधी हा त्याचा पाया नव्हे, आणि सूत्रे पुन्हा कलेक्टर कचेरीत. क्रमवारीने स्पर्धा निर्माण होते हे मान्य. पण जिल्हा परिषदेला वा ग्रामपंचायतीला अधिक रुपया न देता तिच्या जिल्ह्याला गुण देणे हे अनुदानाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

कुवतीवर आधारलेला निकष आणावयाचा तर माहिती कोठे आहे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अकराव्या आयोगाच्या काळी तो खरा होता. आज तो तितकासा टिकत नाही. ई-ग्रामस्वराज या संगणकीय व्यवस्थेत २०२० पासून ग्रामपंचायतींचे आराखडे व हिशेब नोंदले जात आहेत, आणि महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीकडे नमुना ८ ची आकारणी नोंदवही असते. तिच्यातील मालमत्तांच्या मूल्याची बेरीज करून लोकसंख्येने भागले की त्या गावाची माणशी कुवत हाती येते. आकारणी कमी दाखविण्याचा मोह होईल हे खरे, पण तो तपासणीने आवरता येण्याजोगा आहे. लोकसंख्येचा भार निम्म्यावर आणून उरलेला या कुवतीच्या तुटीला व वस्तीच्या विखुरलेपणाला द्यावा, एवढ्यानेही वाटणीचे चित्र पालटेल. अर्थात हे राज्यांतर्गत वाटणीपुरते प्रथम करावे लागेल. राज्याराज्यांत नमुने वेगळे आहेत.

या पद्धतीने मोजू लागल्यास पहिली अडचण गडचिरोलीत येईल. त्या जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा बहुतेक भाग वनाखाली आहे आणि वनजमीन नमुना ८ मध्ये येत नाही. म्हणजे तेथील ग्रामपंचायतीची कुवत जी कमी भरेल ती गावाच्या आळसामुळे नव्हे, देशाने वन राखावयाचे ठरविले म्हणून. या त्यागाची किंमत केंद्रीय वित्त आयोगांनी ओळखलेली आहे. करांच्या वाटणीत चौदाव्या आयोगाने वनाच्छादनाला ७.५ टक्के व पंधराव्याने वन आणि पर्यावरण यांना १० टक्के भार दिला. त्या भारापोटी येणारा पैसा महाराष्ट्राच्या एकत्रित निधीत जमा होतो. तो ज्या वनामुळे आला त्या वनातील ग्रामपंचायतीपर्यंत त्याचा कोणताही अंश गेला पाहिजे, असे बंधन मात्र या आयोगांच्या कोणत्याही निकषात नव्हते.